मुखी नाम, हाती सुई



काम करता करता नाम घ्यायची सवय आपल्याला कुणी मुद्दाम लावावी लागत नाही. भाकरी थापताना, धुणं धुताना, शेतात खुरपताना, एसटीची वाट बघताना ओठ आपोआप हलतात. जनाबाईंच्या जात्यापासून हे घरोघरी चालत आलं आहे. मुखी नाम, हाती काम असं आपण सहज म्हणून जातो. मीही चाळीस वर्षं म्हणत आले. मागच्या मार्गशीर्षात मात्र या चार शब्दांपाशी माझी सुई अडकली. ती कशी अडकली ते आज तुम्हांला सांगायचं आहे. सांगताना थोडं शिवणकामही येईल, कारण ते गाळलं तर पुढचा प्रश्न कळणार नाही. पुरुष वाचकांनी कंटाळू नये. आपले नामदेवराय शिंप्याच्याच घरचे होते.

लेकीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे लातूरला झालं. मुलगा झाला. तीन महिने पुरे झाल्यावर तिला बार्शीला सासरी पोचवायचं ठरलं. झबली, टोपडी, कुंची, दुपटी, दोन गोधड्या असं सगळं बांधून तयार होतं. थंडी मी म्हणत होती आणि बाळाचे पाय सारखे गार पडत. लोकरीचे मोजे घातले की दोन लाथांत ते पार पाळण्याबाहेर. म्हणून मी त्याच्यासाठी मऊ कापडाचे बूट शिवायला घेतले.

तुम्ही म्हणाल, ज्याला अजून कुशीवरही वळता येत नाही त्याला बूट कशाला? बरोबर आहे. डॉक्टरही सांगतात की तान्ह्या मुलाच्या पायातली हाडं पुरी झालेली नसतात, बरीचशी मऊ कूर्चाच असते. त्या पायाला कडक बुटात कोंडू नये. मूल चालायला लागलं तरी घरात त्याचे पाय मोकळेच बरे, बोटांनी जमीन धरायला ते शिकतं. पिपाणीसारखे वाजणारे बूट ही निव्वळ मोठ्यांची हौस. कापडी बुटाचं काम एवढंच, की ऊब द्यावी आणि पायातून निसटू नये. मूल धरून उभं राहू लागलं की घरात तेही काढायचे, कारण गुळगुळीत फरशीवर कापडाचा तळ घसरतो. म्हणजे हे बूट चालण्यासाठी नाहीतच. पालखीतल्या पादुकाही घालून कुणी चालत नाही. तरी आपण त्यांना आळंदीहून पंढरीपर्यंत अडीचशे किलोमीटर मिरवत नेतो, नीरेच्या पाण्यात स्नान घालतो. तळहातावर बाळाचे बूट ठेवले की मला हटकून त्या पादुका आठवतात.

कापड घेतलं ते सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्याचं. धुऊन धुऊन ते लोण्यासारखं झालं होतं. नव्या कापडात खळ असते, ती कोवळ्या कातडीला टोचते. म्हणून तर आपल्याकडे बाळाचं पहिलं बाळोतं नि पहिलं दुपटं जुन्या लुगड्याचं नाहीतर धोतराचं करतात. बाळ झोपेत असताना त्याचा पाय कॅलेंडरच्या मागच्या पानावर हलकेच टेकवला आणि भोवतीनं पेन्सिल फिरवली. पाऊल भरलं नऊ सेंटिमीटर. बोटांपुढे एक सेंटिमीटर मोकळीक ठेवली, शिवणीसाठी चहूकडून अर्धा. तुकडे तीनच लागतात: तळवा, बोटांवरचा पुढचा भाग आणि टाचेभोवतीची पट्टी. सगळं दुहेरी, आणि तळव्याला मध्ये फ्लॅनेलचा एक थर. एका पायाचं कापड कापून झालं की दुसऱ्या पायासाठी कागद उलटा करून ठेवायचा, नाहीतर दोन्ही बूट डाव्याच पायाचे होतात. (लेक तान्ही असताना मी हा पराक्रम केलेला आहे.) टाचेच्या पट्टीत बारीक इलॅस्टिक ओवायचं, पण सैल, पायावर वळ उठला तर उपयोग काय? मणी, बटण, टिकली काही लावायचं नाही, कारण सुटलं की ते सरळ तोंडात जातं. आत सुटा धागा राहू द्यायचा नाही. तो बाळाच्या बोटाला गुंडाळला गेला तर बोट सुजतं आणि बाळ का रडतंय ते कुणाला कळत नाही.

खरं कसब लागतं ते बोटांच्या गोलाईपाशी. वरच्या तुकड्याची कड तळव्याच्या गोलाईपेक्षा लांब असते. ती चुण्या पडू न देता मुरवून घ्यावी लागते. म्हणून आधी पुढच्या आणि मागच्या मधल्या खुणा जुळवून टाचण्या लावायच्या: बोटांकडे तीन, दोन्ही कुशींना दोन-दोन, टाचेला दोन. एका बुटाला नऊ. मग बारीक धावदोरा घालायचा, त्यावरून पुन्हा उलटी टीप, गोलाईवर कात्रीनं हलके चिरे, आणि मग बूट उलटवायचा. उलटवताना आतून बोटाचं गोल नाक बाहेर येतं तेव्हा जीव इतका हरखतो की काय सांगू! दोन संध्याकाळी लागल्या. देवापाशी दिवा लावायचा, हरिपाठ सुरू करायचा आणि सुई हातात घ्यायची. सत्तावीस अभंग होईपर्यंत एका बुटाची एक बाजू होई.

बूट छान झाले होते. मी ते एकादशीला भजनी मंडळात नेऊन दाखवले. ‘एकेक टाका नामाचा आहे बरं का,’ असं म्हणाले. बार्शीला पोचल्यावर विहीणबाईंच्या हातात बूट देतानाही हेच म्हणाले. हे वाक्य लक्षात ठेवा, माउली.

विहीणबाईंनी बाळाला भाकरतुकडा ओवाळून आत घेतलं, कौतुकानं बूट घातले, आणि बाळानं रडायला सुरुवात केली. प्रवासानं शिणलं असेल म्हणून थोपटलं. पोट दुखत असेल म्हणून बेंबीभोवती हिंग लावला. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. दुपटं बदलताना बूट काढले तेव्हा बाळ निवांत झालं; पुन्हा घातले तर पुन्हा तोच आकांत. मी म्हणाले, ‘रडू दे थोडं, सवय नाही ना बुटांची.’ हे मी म्हणाले, त्याची आजी! विहीणबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी उजवा बूट काढून मांडीवर घेतला आणि अंगठ्यानं दाबत दाबत तळव्यावरून फिरल्या. टाचेपाशी त्यांचा अंगठा थांबला. त्यांनी ब्लेडनं तिथली शिवण उसवली आणि थरांमधून एक टाचणी ओढून काढली. वरून हात फिरवला तर लागत नव्हती. पाय आत जाऊन तळवा दबला की टोक वर येत होतं. बाळाच्या टाचेवर तीन-चार तांबडे ठिपके होते.

त्यांनी ती टाचणी माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, ‘विहीणबाई, शिवताना नाम चाललं होतं वाटतं.’

आवाज चढलेला नव्हता. तो टोमणा होता की समजूत, हे मला अजून उमगलेलं नाही. संध्याकाळी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी जागा स्वच्छ केली, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले. रात्री बाळ हुंकार देत खेळत होतं. लेक मला काही म्हणाली नाही, पण त्या रात्री बाळाला माझ्या मांडीवर देताना तिचा हात क्षणभर जास्त रेंगाळला. आईच्या हाताला ते कळतं, मलाही कळलं.

दुसऱ्या दिवशी निघताना लेकीच्या आजेसासऱ्यांनी मला जवळ बसवलं. पंच्याहत्तरी ओलांडलेले, गळ्यात माळ, पन्नासाहून जास्त वाऱ्या झालेल्या. म्हणाले, ‘बाई, मनाला लावून घेऊ नका. गोरोबाकाकांचं काय झालं होतं? नामात माणूस हरवलं म्हणजे असं व्हायचंच.’ मोठ्या मायेनं म्हणाले. मी त्यांच्या पाया पडले. खरं सांगते, गाडीत बसेपर्यंत मला फार बरं वाटत होतं. माझ्या चुकीला केवढं थोर नाव मिळालं होतं! पण गाडी सुटली तसं ते बरं वाटणं टोचायला लागलं. म्हणून लातूरला परतताना वाट थोडी वाकडी केली आणि तेरला उतरले.

तेर हे गोरोबाकाकांचं गाव, तेरणा नदीच्या काठी. समाधीपुढे जाऊन बसले. दुपारची वेळ होती, गर्दी नव्हती. गोरोबाकाकांची कथा तुम्हांला मी काय सांगायची? तुम्ही ती कीर्तनात पन्नास वेळा ऐकली असेल. बाई पाण्याला निघाली, जाताना धन्याला म्हणाली, मुलाकडे लक्ष ठेवा. काका चिखल तुडवत होते, चित्त विठ्ठलापाशी होतं. मूल रांगत आलं आणि पायाखाली गेलं, आणि त्यांना कळलं नाही. पुढे पंढरीत नामदेवरायांच्या कीर्तनात ते मूल रांगत रांगत परत आलं. आपण ऐकणारे त्या शेवटाकडे फार घाईनं धावतो. मीही धावते, डोळ्यांना पदर लावते. त्या दुपारी मात्र माझ्या डोळ्यांपुढून घागर घेऊन परत येणारी ती आई हलेचना. कथेनं तिला वगळलेलं नाही. तिचा आक्रोश, तिचा राग, विठ्ठलाला तिनं धरलेला बोल, सगळं आपल्या परंपरेनं सांभाळून ठेवलं आहे. गोरोबांची थोरवी सांगायची म्हणून तिला गप्प बसवलेलं नाही. एवढं तरी आपण ध्यानात घ्यावं.

मग मी स्वतःला विचारलं, त्या दोन संध्याकाळी तू कुठं होतीस? देवापुढे खोटं कशाला बोलायचं? ओठांवर हरिपाठ होता. मन होतं बार्शीला. विहीणबाई बूट बघून काय म्हणतील, शेजारणींना दाखवतील का, कुणी विचारलं तर आपण काय सांगायचं. ‘एकेक टाका नामाचा’ हे वाक्य मला बार्शीला सुचलं नव्हतं, ते मी शिवता शिवताच जुळवलं होतं. मंडळातल्या कौतुकानं ते आणखी गोड झालं. म्हणजे टाचणी आत राहिली तेव्हा मी नामात नव्हते आणि शिवणातही नव्हते. गोरोबाकाका विठ्ठलात हरवले होते, मी माझ्या कौतुकात. बाहेरून बघणाऱ्याला दोघांचेही ओठ हलतानाच दिसतील. आजेसासऱ्यांनी दिलेला आधार माझा नव्हता, तो मला समाधीपुढे परत ठेवावा लागला.

इथे हा लेख संपवता आला असता. दंभ झाला, पश्चात्ताप झाला. पण प्रश्न त्याच्या पलीकडे राहतोच, आणि तो तुमच्याही घरचा आहे. समजा, माझं मन त्या वेळी खरोखर विठ्ठलापाशी असतं आणि तरी टाचणी राहिली असती, तर ते चाललं असतं का? बाळाच्या टाचेला काय फरक पडला असता? नाम घेताना मन देवाकडे गेलं तर कामाकडे कोण बघणार, आणि मन कामात घातलं तर नामाला काय उरणार? मन तर एकच आहे.

काही जण म्हणतात, जो खरा हरवतो त्याचं काम देव सांभाळतो. असेल. त्या अधिकाराच्या माणसांबद्दल मी बोलणार नाही. पण अरणच्या सावतोबांचा मळा मनात आणून बघा. ज्यांनी रात्रीचं दारं धरलेलं आहे त्यांना माहीत आहे, पाण्यावरची नजर हलली की वाफा फुटतो आणि कांद्याची रोपं वाहून जातात. सावतोबा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, देवच अरणला आला, असं आपण मानतो. फुटक्या वाफ्यांचा मळा असता तर ही कथा झाली असती का? आणि खुद्द गोरोबांचीच दुसरी कथा घ्या. संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी थापटणं हातात घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारून कोण भाजलेलं, कोण कच्चं ते सांगितलं. नामदेवरायांना कच्चं म्हणायचं धाडस त्यांनी केलं. एका थापटण्यात मडकं ओळखणारा माणूस आपल्या धंद्यात बेसावध कसा असेल? असा कान वर्षानुवर्षं चाकापाशी आणि आव्यापाशी मन घातल्याशिवाय येत नाही. चिखलातला तो एक दिवस आपण सारखा आठवतो. बाकीच्या दिवसांची, चांगल्या पक्क्या मडक्यांची, कुणी कथा सांगत नाही.

आणि जनाबाई. त्यांच्या कथेत विठ्ठल त्यांना जात्यावरून उठवून कुठं घेऊन जात नाही. तो स्वतः येऊन खुंट्याला हात लावतो. देवाला यायचं तर जात्याशी यावं लागलं. जनाबाई तिथं नसत्या, नुसत्या ओठांनी तिथं असत्या, तर तो भेटला कुणाला असता?

यावर मंडळातल्या एका बाईंनी मला अडवलं. म्हणाल्या, ‘मग नाम न घेणारा शिंपी आणि तुम्ही यांत फरक काय राहिला? तोही टाचण्या बघूनच शिवतो.’ चांगला प्रश्न आहे. मला चार दिवस उत्तर सुचलं नाही. आता वाटतं ते असं. त्या दोन संध्याकाळी माझ्या मनात टाचणीला जागा नव्हती, ती विठ्ठलानं अडवली होती म्हणून नव्हे. ती अडवली होती मी. मी, माझे बूट, माझं कौतुक. नाम जर खरंच चाललं असतं तर आधी ही गर्दी बाहेर गेली असती, आणि मग बाळाचं पाऊल, लुगड्याचं कापड आणि नऊ टाचण्या एवढंच समोर राहिलं असतं. माझ्या अनुभवात असं घडतं, पण फार थोडा वेळ; एखाद्या अभंगापुरतं, कधी दोन चरणांपुरतं. तेवढ्यात जे टाके पडतात ते बघून ओळखू येतात. बाकी वेळ ओठ आपलं काम करतात आणि मन बार्शीला जातं. म्हणून मला वाटतं, ज्याला आपलं मन असं पळतं हे ठाऊक आहे त्यानं टाचण्या मोजाव्यात. मोजणं म्हणजे नामावर अविश्वास, असं त्या बाई म्हणाल्या. मला तसं वाटत नाही. माळेचे एकशेआठ मणी आपण मोजतोच की, तिथं कुणी अविश्वास म्हणत नाही.

ज्येष्ठात बार्शीहून येणाऱ्या एका पाहुण्याबरोबर पाकीट आलं. आत घडी घातलेला कागद, त्यावर दोन पावलं काढलेली, एकाखाली ‘डावा’, एकाखाली ‘उजवा’. अक्षर विहीणबाईंचं. खाली लिहिलं होतं, ‘पावसात बाहेर नेताना लागतील. आता रांगतो, एका जागी ठरत नाही, म्हणून रेघ वाकडी आली आहे.’ मी पट्टी लावून बघितलं, पाऊल पावणेअकरा सेंटिमीटर भरलं.

त्याच लुगड्याचा उरलेला भाग काढला. देवापाशी दिवा लावला, पितळेची वाटी पुढ्यात ठेवली आणि वाटीत नऊ टाचण्या मोजून टाकल्या. हरिपाठ सुरू केला. धावदोरा संपला, टीप झाली, एकेक टाचणी काढून वाटीत टाकत गेले. शेवटी मोजल्या तर आठ.

हरिपाठ मध्येच थांबवला. असा थांबवावा की नाही ते जाणत्यांनी सांगावं, मी थांबवला. बूट दिव्यापाशी नेला, अंगठ्यानं दाबत तळवा फिरले, नाक फिरले, टाच दोनदा फिरले. काही नाही. गोधडी झटकली, पाट उचलला, पदर चाचपला. अर्ध्या तासानं सापडली, माझ्याच चोळीच्या बाहीला, सवयीनं टोचून ठेवलेली. वाटीत टाकली, नऊ झाल्या. मग हरिपाठ पुढे म्हणायला गेले तर कोणत्या अभंगावर थांबले होते ते आठवेना. पहिल्यापासून धरला.